अंगणात उतरलेलं माहेर

नाशिक,
ता. २० फेब्रुवारी १९३६

गं. भा. आक्काबाई विहीणबाई यांस धोंडाबाईचा नमस्कार.

आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल. आता मुद्द्याचं.

रंगनाथ काल हात हलवत परत आला. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. मैनाला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला मुराळी म्हणून त्याला धाडला होता. आगगाडी, मोटार, पुन्हा मोटार असं करत तो महाबळेश्वरला पोचला. तुम्ही त्याला पिठलं-भाकरी घातलीत, मधाची बाटली हातात दिलीत आणि वाटेला लावलंत. मध चांगला आहे. पण मी त्याला मध आणायला धाडलं नव्हतं.

मैनाला सातवा लागला. पहिलटकरणीला माहेरी पाठवतात हे मी तुम्हाला शिकवायचं म्हणजे कमाल झाली. रंगनाथ सांगत होता, मैना तुमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून काठ्या घासत होती. म्हणजे कारण कळलं. एप्रिलात साहेबलोक वर येणार, त्यांना डोंगरात फिरायला काठ्या लागणार, आणि तुम्हाला हात कमी पडणार. विहीणबाई, आम्हीही सुतारच आहोत. लाकूड घासण्यासाठी पोटुशी बाई लागत नाही.

जावईबापू सरळ माणूस आहेत, त्यांना मी काही बोलत नाही. तुम्हाला बोलते. पुढच्या आठवड्यात पुन्हा मुराळी धाडू का ते कळवा. मी दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेली बाई, मला गोड लिहिता येत नाही.

धोंडाबाई


महाबळेश्वर,
ता. २७ फेब्रुवारी १९३६

सौ. धोंडाबाई विहीणबाईंना आक्काबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्याइतका राग आला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मैना काठ्या घासते ते मी सांगते म्हणून नव्हे. तिला रिकामं बसवत नाही, आणि हा गुण तिनं कुठून आणला ते मी सांगायला नको. जड काही उचलू देत नाही. सकाळी दूध, दुपारी नाचणीची आंबील आणि रोज तिच्याशी एक भांडण, एवढं मी नेमानं करते.

पण तिला पाठवता येणार नाही. पसरणीचा घाट वाईट. वळणं वाईट. सर्व्हिस मोटार त्याहून वाईट. इथे बयाबाई सुईण आहे, अर्धा बाजार तिच्या हातावर जन्मला. माझा गोरक्ष, तुमचे जावई, तोही तिच्याच हातचा. तुम्हीच इकडे या. मागची खोली सारवून ठेवते. महिना राहा, दोन महिने राहा.

मुराळ्याला मी परत लावला याचं मला वाईट वाटतं. मुराळी दारात आला की त्याच्याशी कसं वागायचं हे मला नीटसं येत नाही. पण दुसरा धाडू नका. कारणही विचारू नका.

आक्काबाई


नाशिक,
ता. ५ मार्च १९३६

विहीणबाईंना नमस्कार.

घाट वाईट, मोटार वाईट आणि कारण विचारू नका. बरं.

तुमच्याकडे येऊन राहू कशी? लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी तोंडाला लावत नाही आम्ही. तुमच्यातही लावत नसतील. माझी आई माझ्या दारात यायची ती घरून गडवा भरून आणायची, ओट्यावर बसायची आणि तो संपला की उठायची. मैना झाली त्या दिवशी माझ्या घरचा पहिला घोट तिनं घेतला. आता मी दोन महिने गडवा पुरवू?

तेव्हा दुसरा उपाय काढला आहे, तो ऐका.

आमचा देवळाली कॅम्पातला कारखाना तुम्हाला ठाऊक आहे. आमचे हे तिथे आधी टांग्याच्या पेट्या, म्हणजे चाकांवरचे लाकडी डबे, करायचे, आता मोटारींच्या करतात. तिथल्या रुस्तमशेठांनी एक लॉरी आणून उभी केली. नुसता लोखंडी सांगाडा, इंजिन आणि चाकं. म्हणाले, हिच्यावर घर बांधा. शेठाणीला हवा खायला डोंगरात जायचं असतं, पण डाकबंगल्यातल्या गाद्या चावतात. ह्यांनी बांधलं. दोन पलंग, एक कपाट, जाळीच्या खिडक्या, स्टोला जागा, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. सगळं सागवानी. ते पाहून मला आधी हेच वाटलं की इतक्या वर्षांत ह्यांनी आपल्या घराला एक धड फडताळ केलं नाही.

शेठ आत शिरले आणि त्यांचं डोकं छताला आपटलं. शेठ ताडमाड, आणि आमचे हे तुम्ही पाहिलेच आहेत. ह्यांनी माप घेतलं ते स्वतः मध्ये उभं राहून, डोक्यावर हात ठेवून. जन्मभर असंच मोजतात. आमच्या घरात सगळ्या खुंट्या ह्यांच्या हाताला येतील अशा आहेत, रंगनाथ त्यांना गुडघे आपटतो.

शेठ हसले म्हणून बरं. म्हणाले, पेटी नवी करा, उंच. ही मोडा नाहीतर ठेवा. पण आधी ही घालूनच गाडी एकदा मोठ्या घाटात नेऊन आणा, चाकांवरचे लोखंडी पाटे आणि ब्रेक वजन घेतात का ते कळू दे. कुठला घाट ते तुम्ही ठरवा.

कोणी ठरवला ते सांगत नाही.

आमच्या शेजारचा इनायत गाडी हाकणार. जुलेखाचा नवरा, कॅम्पात लॉरी चालवतो, माझ्या शब्दाबाहेर नाही. मी आणि हे बरोबर येतो, उत्तर पुण्याच्या लाकूडबाजारातल्या पाहुण्यांच्या पत्त्यावर टाका. मैना परत येताना पलंगावर निजून येईल. घाट कितीही वाईट असू दे. मुराळी परत लावलात, आता घरच धाडते आहे. घर कसं परत लावता बघू.

धोंडाबाई


महाबळेश्वर,
ता. १० मार्च १९३६
(पुण्याच्या लाकूडबाजारातल्या पाहुण्यांच्या पत्त्यावर)

विहीणबाईंना नमस्कार.

हे पत्र तुम्हाला पुण्यात मिळेल. गाडी आणा. अंगण मोठं आहे, गोरक्षनं बांबूचे ढीग हलवून जागा केली. मैना रोज रस्त्याकडे बघते आणि मी विचारलं की म्हणते, बघत नाही.

न्यायचं बोलणं मात्र वाईच्या पुलावर ठेवून या. वर आणू नका.

आक्काबाई


वाई,
ता. १५ मार्च १९३६

विहीणबाईंना नमस्कार.

कृष्णेच्या काठावर आहोत. उद्या एक दिवस इंजिनाची डागडुजी, परवा घाट. पत्र आधी पोचेल अशा बेतानं टाकते, म्हणजे तुम्ही तयार राहाल.

प्रवासाचं लिहा असं मैनाच्या चिठ्ठीत होतं, तर लिहिते. डोंगर फार आहेत. एका बाजूचा बघावा तर दुसऱ्या बाजूला दरी असते. मी पडदा ओढून बसते, मग हे म्हणतात, पडदा सार, पैसे देऊन लोक हे बघायला येतात. सारला. कात्रजच्या माथ्यावरून मागे पुणं दिसलं, ते मात्र बघण्यासारखं होतं. तव्यावर पीठ सांडल्यासारखी घरं.

संगमनेरच्या पुढच्या घाटात इंजिन तापलं. मी खाली उतरून लाकडं गोळा करते तोवर इनायतनं पिंपातलं गोदावरीचं पाणी इंजिनाला पाजलं. तुमच्या अंगणात मला पुरावं म्हणून आणलेलं. अर्धं पिंप गेलं. मी बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तो म्हणाला, मावशी, इंजिन मेलं तर तुम्ही ते पाणी कुठे बसून पिणार? त्यावर आणखी बोलले.

नारायणगावात गाडी थांबली तर सगळी गल्ली रिकामी. दारं बंद, पोरं माळ्यावर. पांढरा रंग आणि जाळीच्या खिडक्या बघून त्यांना वाटलं, देवी टोचायची सरकारी गाडी आली. एक म्हातारी तेवढी धीट. आत डोकावली, पलंग बघितले, चूल कुठे म्हणून विचारलं, आणि मग म्हणाली, बाई, भांडून निघालीस का? घर घेऊनच?

निजायची वेगळीच कटकट. ह्यांनी पलंगाला उशाची फळी ठोकली ती गाडीच्या तोंडाकडे. गाडी उत्तरेला तोंड करून उभी राहिली की आमचे पाय दक्षिणेला, यमाच्या दिशेला. दक्षिणेला तोंड केलं तर आमचं ठीक, पण इनायत पुढच्या बाकावर आडवा निजतो, चाकामुळे त्याला एकाच बाजूला डोकं करता येतं, आणि मग त्याचे पाय पश्चिमेला काब्याकडे जातात.  मांडी घालून बसल्या बसल्या झोपला पहिल्या दिवशी. मी सकाळी विचारलं तेव्हा कळलं. तेव्हापासून रोज दिवस मावळला की गाडी आडवी लावतो, तोंड उगवतीकडे. रस्त्यानं जाणारे म्हणतात ह्यांना गाडी लावता येत नाही. म्हणू देत.

मैनासाठी मेथीचे लाडू, डिंक, बाळंतविडा, सगळं कपाटात आहे. न्यायचं बोलणं पुलावर ठेवा म्हणालात. पूल बघितला. अरुंद आहे, माझं बोलणं मावणार नाही. वर आणते आहे.

धोंडाबाई


महाबळेश्वर, घरातून,
ता. १८ मार्च

विहीणबाई,

समोरासमोर बोललं की आपला दोघींचा आवाज चढतो आणि मैना रडते. काल आल्या आल्या तेच झालं. म्हणून इनायतच्या हाती ही चिठ्ठी. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला पत्र जातं हे बघून गोरक्ष हसतो आहे. हसू दे.

काल पुरणपोळ्या केल्या होत्या. तुम्ही हात लावला नाही. रीत मला माहीत आहे. पण रीत माहीत असूनही पोळ्या केल्या, हे तुमच्या लक्षात आलं नाही. नुसतं ताटावर पाणी फिरवून 'छान झाल्यात' म्हणाला असतात तरी चाललं असतं.

आक्काबाई


गाडीतून, त्याच दिवशी

विहीणबाई,

पोळ्या छान झाल्या होत्या. वासावरून सांगते. ह्यांनीही वास घेतला. खाल्ल्या इनायतनं, आणि आता तो माझ्या भाकरीला नावं ठेवतो.

सकाळी एक मड्डम येऊन खिडकीतून बघून गेली. तुमच्या गोरक्षला विचारत होती, आत जायला तिकीट आहे का. तुमच्या गावात सगळंच बघायला ठेवलेलं असतं असं दिसतं. पाचगणीतली गोरी पोरं मात्र बरी, शाळेच्या भिंतीवरून हात हलवत होती. मीही हलवला.

आता ऐका. मैना काल गाडीत चढली, पलंगावर हात फिरवला, कपाट उघडलं, लाडवांचा डबा बघितला आणि तिथेच बसून राहिली. म्हणाली, आई, घरचा वास येतो. परवा सकाळी निघतो आहोत. ती निजून येईल, इनायत बैलगाडीच्या चालीनं गाडी नेईल. मी तिला विचारलं, येतेस ना? तर म्हणते, सासूबाईंना विचार. माझ्या लेकीला न्यायला मी कुणाला विचारायचं? काठ्या घासायला दुसरं माणूस बघा. परवा म्हणजे परवा.

धोंडाबाई


घरातून,
ता. १९ मार्च, दुपारी

विहीणबाई,

सांगायचं नव्हतं. मैनानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते आज मोडते, कारण उद्या तुम्ही तिला पलंगावर निजवाल आणि ती नाही म्हणणार नाही. तुमच्यापुढे ती कशालाच नाही म्हणत नाही.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर मैना तुमच्याकडे यायला निघाली होती, आणि मग ताप आला म्हणून राहिली, असं तुम्हाला कळवलं होतं. ताप नव्हता. तिसरा महिना होता. आम्हाला नुकतंच कळलेलं, तुम्हाला येऊनच सांगणार होती. गोरक्ष बरोबर होता. पसरणीच्या घाटात मध्यावर तिच्या पोटात कळ आली. मोटार थांबवली, वळणावरच्या देवळाच्या ओट्यावर निजवली. वाईला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

परत आली ती पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, आईला बोलावून घेते. तेव्हा उठून बसली आणि माझे हात धरले. म्हणाली, आई मला ये ये म्हणून पत्रावर पत्र धाडत होती, सासूबाई. तिला कळलं की तिच्या बोलावण्यावरून निघाले आणि हे झालं, तर ती स्वतःला जन्मभर सोडणार नाही. तुम्ही तिला ओळखत नाही. ती बाहेरून ओरडते तेवढंच.

बयाबाईनं या खेपेला तपासून सांगितलं आहे, या बाईला घाट उतरू देऊ नका. गाडी लाकडाची असो की मखमलीची.

मी काठ्यांसाठी सून अडकवून ठेवली असं तुम्ही लिहिलंत, मी लिहू दिलं. बाकी काही बोलता येत नव्हतं. आता तुम्ही ठरवा. मी आड येणार नाही.

वाचून झाली की चुलीत घाला.

आक्काबाई


गाडीतून,
ता. १९ मार्च, दिवेलागणीला

विहीणबाई,

चिठ्ठी जाळली. इनायत विचारत होता, मावशी स्टो इतका धुरकट का. 

मैनाला मी काही विचारलं नाही. विचारणार नाही. मला माहीत नाही असं तिला वाटतं, तसंच वाटू दे. आत्ता ती इथे माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली आहे, म्हणून अक्षर आणखी वाकडं येतं.

मी नेत नाही तिला.

तुम्हाला जे जे लिहिलं ते परत घ्यायचं कसं ते मला कळत नाही. पोस्टात टाकलेलं परत मिळत नाही. तुम्ही ती सगळी पत्रं ठेवली असतील तर तीही चुलीत घाला. माझ्या समोर घाला, म्हणजे मला बरं वाटेल.

आता पुढचं. गाडी शेठांची आहे, त्यांना एप्रिल लागायच्या आत तिचे पाटे दाखवायचे आहेत. गाडी थांबवता येत नाही. ह्यांना सांगितलं, काहीतरी करा. कारण सांगितलं नाही. हे बराच वेळ गाडीखाली पडून होते. मला वाटलं झोपले. बाहेर आले आणि म्हणाले, गाडी जाऊ दे, घर राहू दे.

पेटी सांगाड्यावर बोल्टांनी बसवलेली असते, विहीणबाई. बोल्ट काढले की सुटते. शेठांना ही नको आहेच, डोकं आपटतं. उद्या तुमच्या दुकानातली माणसं आणि लांब वासे लागतील. अंगणात फणसाच्या बाजूला दगड रचून त्यावर उतरवतो. तोंड उगवतीकडे ठेवायला सांगितलं आहे. हे आणि इनायत नुसता सांगाडा घेऊन खाली जातील, पावसाचा टिपूस आला तर छत्री धरून. मी राहते.

खालची माती तुमची. वरच्या फळ्या माझ्या. दाराला उंबरा ठोकायला लावते, म्हणजे ते घरच झालं. बाळंतपण माहेरीच होईल आणि मैनाला एक वळणही उतरावं लागणार नाही. पाणी मी बाजारच्या हौदावरून आणीन, तुमच्या रांजणाला हात लावणार नाही. आहे ते आहे.

धोंडाबाई


घरातून,
ता. २४ एप्रिल

विहीणबाई,

तुम्ही पेटीत बाळंतिणीपाशी, मी बाहेर, म्हणून पुन्हा चिठ्ठी. काल घाईत एक राहून गेलं.

बयाबाई दारात येऊन 'मुलगी' म्हणाली तेव्हा मी बाहेर फणसाखाली होते. लोक सुनेला मुलगा व्हावा म्हणून उभे असतात. मला फक्त तुमचा आवाज ऐकायचा होता. महिनाभर रोज ऐकते आहे, काल सकाळपासून बंद होता. मग आतून तुम्ही बयाबाईवर ओरडलात की पाणी इतकं कढत का, आणि मी खाली बसले. सगळं ठीक आहे हे मला तेव्हा कळलं.

मुलीचं नाक तुमचं आहे. उपाय नाही.

सोबत तांब्या पाठवते. आमच्या रांजणाचं पाणी आहे. लेकीला मूल झालं, आता तरी प्या. रोज हौदावरून तुम्ही कळशी आणताना मी खिडकीत उभी राहायचे, तुम्हाला दिसत नसेन असं वाटलं होतं.

आक्काबाई


पेटीतून, त्याच दिवशी

विहीणबाई,

दिसत होतात.

पाणी प्यायले. मैनाच्या समोर प्यायले. ती बघत होती आणि मी पीत होते. तुमचं पाणी गोदावरीसारखं नाही, हलकं आहे, प्यालं तरी तहान राहते. दुसरा तांब्या पाठवा. आणि पुरणपोळ्यांचं काय झालं पुढे? ह्यांनी वासावर दिवस काढले, मी काढणार नाही.

नाक माझं आहे हे मीही बघितलं. मोठेपणी आवाजही येईल, तयारीत राहा.

धोंडाबाई


नाशिक,
ता. १० जून १९३६

विहीणबाईंना नमस्कार.

सुखरूप पोचले. सव्वा महिना संपवून निघाले ते बरं केलं, पुण्याच्या पुढे आभाळ भरलेलंच होतं. सर्व्हिस मोटारीत माझ्या शेजारी एक जाडी बाई होती, तिनं सबंध घाट डोळे मिटून काढला. त्या वळणावरच्या देवळापाशी मी मोटार थांबवायला लावली. ड्रायव्हर कुरकुरला. मी उतरले, ओट्यावर नारळ ठेवला आणि बसले थोडी. मग चढले. मैनाला हे सांगू नका.

शेठांची नवी पेटी झाली. या वेळी हे स्टुलावर उभे राहून मोजत होते. शेठ आत ताठ उभे राहतात, आता शेठाणी म्हणते खुंटीला हात पोचत नाही. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही एका वेळी एकाच माणसाचं घर बांधता.

माझं घर रिकामं रिकामं वाटतं, पण ते तुम्हाला सांगून काय उपयोग. जुलेखा रोज येऊन विचारते, बाळ कसं दिसतं. नाकाचं सांगितलं. अंगणातल्या पेटीचं काय करता? पावसात सागाला काही होत नाही, पण तुमचा पाऊस मी पाहिलेला नाही. नको असेल तर मोडा, गोरक्षला लाकूड उपयोगी पडेल. काठ्या होतील पुष्कळ.

धोंडाबाई


महाबळेश्वर,
ता. २३ जून १९३६

विहीणबाईंना नमस्कार.

बाजार उठला. साहेबलोक उतरले, दुकानांना फळ्या लागल्या, सगळ्या गावानं पावसाला आडोसा म्हणून भिंतींना गवताच्या झडी लावून घेतल्या आहेत. घरं दिसत नाहीत, नुसत्या गंजी दिसतात. गोरक्षनं तुमच्या पेटीलाही झडी बांधल्या. मोडायचं पुन्हा लिहू नका.

एक गोष्ट लिहावी की नाही म्हणून चार दिवस थांबले. दुपारी बाळ आणि मैना निजल्या की मी घोंगडी डोक्यावर घेऊन पेटीत जाऊन बसते. काही करत नाही. कपाट उघडलं तर अजून मेथीचा वास येतो. छत बेताचं आहे, माझ्या उंचीला बरोबर बसतं. पावसाचा आवाज घरापेक्षा जवळ येतो.

माझं माहेर कोयनेच्या पलीकडे होतं. माझं लग्न झालं तेव्हा मला धड लुगडं नेसता येत नव्हतं. पुढच्याच वर्षी गावात प्लेग आला. आई गेली, वडील गेले, भाऊ मुंबईला गेला तो कुठल्या गिरणीत गेला कळलं नाही. घराची माती लोकांनी शेतात नेली. मला न्यायला कधी कुणी मुराळी आला नाही. गोरक्षच्या वेळी मी इथेच, या घरात, सासूच्या हाताखाली. म्हणून तुमचा रंगनाथ दारात उभा राहिला तेव्हा मुराळ्याचं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मध दिला.

काल मैनानं मला पेटीत बसलेलं पाहिलं. मी म्हटलं, गळतं का ते बघते. ती बरं म्हणाली आणि दार लोटून गेली. तुमच्या घरात तुम्हाला न विचारता बसते, म्हणून कळवलं.

आक्काबाई


नाशिक,
ता. ३० जून १९३६

आक्काबाई,

विहीणबाई हे या पत्रापुरतं बाजूला ठेवते.

न विचारता बसता ते चूक आहे. माहेरी कुणी घोंगडी पांघरून चोरासारखं जात नाही. आमच्या घरी पाहुणी येते ती बोलावून येते, दिवसाढवळ्या येते आणि आठ दिवसांच्या आत परत जात नाही. तेव्हा रीतसर बोलावते आहे. बाजार उठला आहे, काठ्या विकायच्या नाहीत, आता सबब चालायची नाही.

कपाटाच्या खालच्या खणात मागे एक जोडलुगडं आहे, हिरव्या काठाचं. मैनासाठी म्हणून आणलं होतं, पण तिला दिलं नाही. का दिलं नाही ते आता कळलं. ते तुमचं. स्टोशेजारच्या डब्यात डिंक शिल्लक आहे, त्याचे लाडू मैना करेल, तुम्ही करायचे नाहीत. माहेरी आलेल्या बाईनं भांड्याला हात लावायचा नसतो. उशिरा उठायचं. आयतं खायचं. जेवण आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं. सासरचं गाऱ्हाणं करायचं असेल तर मोठ्यानं करा, मैनाला ऐकू जाऊ दे, तिलाही कळू दे की ती कशी सून आहे. कंटाळा आला की मला पत्र लिहा, मी तिथे नसले तरी घर माझं आहे आणि माझ्या घरात बोलायला कुणी नाही असं व्हायचं नाही.

मैनाला वेगळं पत्र टाकलं आहे. हे पत्र वाचून होईल तेव्हा दाराकडे बघा. ती डोक्यावर इरलं घेऊन, बाळाला पोटाशी धरून, ओसरीच्या पायरीशी उभी असेल. पोरीला आत ये, भिजशील असं म्हणू नका आणि मधाची बाटली देऊन परत लावू नका. ती तुमची सून म्हणून आलेली नाही. मुराळी आहे. मी धाडली आहे, तुम्हाला न्यायला.

लांब नाही. अंगण ओलांडायचं आहे.

धोंडाबाई